सोस्यूर आणि मराठीतील अनुकरणवाचक शब्द

अनुकरणवाचक शब्द थोडे असून भाषाव्यवस्थेचे अंगभूत घटक नव्हेत, हे सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील मत मराठीपुरते तरी ग्राह्य धरता येत नाही. अलिबागचा रस्ता जेथे फुटतो त्या वडखळच्या नाक्यावर एस. टी. 'खडखडते', तिचा 'खडखडाट' होतो. परंतु 'खडखडीत' बऱ्या झालेल्या रोग्यात आवाज कोठला? 'कडकडीत' ऊन तर मुकेच; 'झणझणीत' कालवणही! इंग्रजीतील 'क्रॅश' शेअरबाजारात पोचला तो रूपकाने. मराठीत हे कार्य 'ईत' प्रत्यय नियमितपणे करतो. असे शब्द ध्वनिपरिवर्तनाने अनुकरण गमावतात, असे सोस्यूर म्हणतात. येथे ध्वनी अविकृत राहून अनुकरण तेवढे लोपले आहे, आणि ते घडविणारी शक्ती व्याकरणाची आहे.