‘शाश्वत’, ‘टिकाऊ’ आणि ‘गोतावळा’

१९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाने विकासाच्या ज्या कल्पनेला जगभर मान्यता मिळवून दिली, तिच्यासाठी मराठीने ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा स्वीकारली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये ठरविलेली सतरा ध्येयेही मराठीत याच नावाने वावरतात. ही संज्ञा निर्दोष नाही. आपल्या परंपरेत ‘शाश्वत’ हे विशेषण आत्म्याला, सत्याला, धर्माला लागते. जे झिजत नाही त्याचा तो निर्देश आहे. मूळ कल्पना मात्र झिजणाऱ्या गोष्टींविषयीची आहे. माती, पाणी, जंगल यांचा उपभोग घेताना पुढील पिढ्यांच्या गरजांवर गदा येऊ नये, असा तिचा आग्रह. तिला अधिक जवळचा शब्द ‘टिकाऊ’ हा होता. कापड, वहाण, नांगराचे लाकूड यांच्याविषयी तो वापरला जातो आणि उच्चारताच ‘किती दिवस?’, ‘कोणाच्या वापरात?’ हे प्रश्न उभे करतो. ‘शाश्वत’पुढे असे प्रश्न विरून जातात. उद्योगसंस्थांच्या अहवालांना तो शब्द मानवला, याचे एक कारण हेच असावे.

हा वाद केवळ परिभाषेचा नाही, हे आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीच्या वाचनातून स्पष्ट होते. बोलीतील निवेदन आणि यंत्रामुळे विस्कटणारे ग्रामजीवन या अंगांनी तिची चर्चा झाली आहे. परंतु तिच्या शीर्षकातच एक परिस्थितिकीय विधान दडलेले आहे. मळ्यावरचा गडी नारबा ज्यांना आपले गोत मानतो, ती मळ्यातील जनावरे आहेत. हे नाते भावनिक आहे, तसेच ते द्रव्याच्या अभिसरणाचेही आहे. बैल रानातला कडबा खातो, त्याचे शेण उकिरड्यातून पुन्हा रानात जाते. ट्रॅक्टर कडबा खात नाही आणि शेणही देत नाही. त्याचे इंधन बाहेरून येते, आणि शेणखत आटले की खतही बाहेरूनच विकत आणावे लागते. वर्तुळ तुटते आणि मळा बाजाराला जोडला जातो.

मालकाचा निर्णय त्याच्या जमाखर्चात बसणारा आहे, त्यासाठी त्याला खलपुरुष ठरविण्याची गरज नाही. एका रास्त वाटणाऱ्या निवडीची किंमत जिथे नोंदलीच जात नाही, ती जागा म्हणजे नारबाचे निवेदन. मालकाच्या वहीत न मावणारे नुकसान संहितेत भाषेच्या रूपाने शिल्लक राहते.

येथे आजच्या पर्यावरणविचारातील एका गृहीताची तपासणी करता येते. ब्रिटिश पेट्रोलियम या तेलकंपनीने २००४ मध्ये व्यक्तीला स्वतःचे कार्बन-पदचिन्ह मोजण्याचे साधन उपलब्ध करून दिले आणि पृथ्वीच्या ऱ्हासाचा प्रश्न ग्राहकाच्या दैनंदिन निवडीचा होऊ लागला. दैनंदिन निवडी निरर्थक आहेत असे नव्हे. परंतु निवड करण्याचा अधिकार सर्वांना सारखा असतो, हे त्यामागील गृहीत नारबाच्या बाबतीत कोसळते. बैल ठेवायचे की विकायचे, हे त्याला कोणी विचारीत नाही. परिणाम मात्र त्याच्याच वाट्याला येतात.

याचा अर्थ जुना मळा आदर्श होता असा घेणे ही दुसरी चूक ठरेल. ते वर्तुळ अखंड होते, पण ते फिरत होते बैलाच्या खांद्यावर आणि भूमिहीन गड्याच्या कष्टावर. नारबा ज्या जमिनीला आपली समजतो, तिच्यावर त्याचा तसूभर हक्क नाही. पर्यावरणवादी समीक्षा ही बाजू वगळून ग्रामीण साहित्याकडे वळली, तर ती गतकातरतेलाच नवे पारिभाषिक वस्त्र नेसवील. दलित साहित्याने गावगाड्याविषयी उभे केलेले प्रश्न अशा वेळी बाजूला सारता येणार नाहीत.

म्हणून ‘शाश्वत’ या विशेषणाने मोहून न जाता समीक्षेने ‘टिकाऊ’ या साध्या शब्दाची चौकशी हाती घ्यावी: काय टिकले, कोणासाठी टिकले आणि ते टिकविताना झिजले कोण? ‘गोतावळा’ या तिन्ही प्रश्नांना एकाच माणसाच्या तोंडून सामोरी जाते. तिचे आजचे महत्त्व त्यातच आहे.