‘मॉरिस’ : एका सुखान्ताचा विचार

दुःखाला आमच्या रसिकतेंत फार मोठा मान आहे. नाटकाच्या शेवटीं प्रेमिकांची ताटातूट झाली, एकानें विष घेतलें आणि दुसऱ्याला वेड लागलें, म्हणजे आम्ही डोळे पुसतों आणि नाटककाराला थोर म्हणतों. हा मान देण्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्याच्या आड कधीं कधीं एक सोय लपलेली असते, ती उघड करणें जरूर आहे. जें प्रेम समाजाला मान्य नाहीं, त्याची कथा शोकान्त झाली कीं समाजाला तिची अडचण उरत नाहीं. प्रेक्षक हळहळतो आणि घरीं जातो; आपल्या मतांत त्याला तिळमात्र फरक करावा लागत नाहीं. दोन पुरुषांमधील प्रेमाच्या कथा पुष्कळ काळ ह्याच अटीवर खपवून घेण्यांत आल्या. प्रेम करा, पण शेवटीं मरा. म्हणजे आम्ही तुमच्यासाठीं दोन आसवें गाळूं, असा हा करार होता.

१९८७ सालीं पडद्यावर आलेला ‘मॉरिस’ हा इंग्रजी चित्रपट हा करार मोडतो, म्हणून त्याचा विचार करावासा वाटतो. तो ई. एम. फॉर्स्टर ह्यांच्या त्याच नांवाच्या कादंबरीवर आधारलेला आहे. फॉर्स्टर हें नांव मराठी माणसाला अगदींच परकें नाहीं. देवासच्या थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार ह्यांच्या पदरीं त्यांनीं १९२१ सालीं खाजगी चिटणीस म्हणून काम केलें होतें, आणि त्या मराठी दरबाराच्या आठवणी १९५३ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या होत्या. ‘मॉरिस’ ही कादंबरी त्यांनीं १९१३-१४ सालीं लिहिली. निवडक स्नेह्यांनीं तिचें हस्तलिखित वाचलें; छापण्यास मात्र त्यांनीं तें हयातभर दिलें नाहीं. १९७० सालीं ते वारले आणि १९७१ सालीं कादंबरी बाहेर आली. कारण उघड होतें. ज्या इंग्लंडमध्यें १८९५ सालीं ऑस्कर वाइल्डसारख्या नाटककाराला अशाच आरोपावरून दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, तेथें हें पुस्तक छापणें धोक्याचें होतें. आणि नायकानें गळफास घेतला असता तर कदाचित् तें चालूनहि गेलें असतें. शेवट सुखाचा असणें हाच त्याचा खरा अपराध होता. फॉर्स्टर हें जाणून होते, आणि तरीहि सुखान्ताचा हट्ट त्यांनीं सोडला नाहीं.

चित्रपटाचे दिग्दर्शक जेम्स आयव्हरी व निर्माते इस्माईल मर्चंट. मर्चंट हे मुंबईचे. १९३६ सालीं तेथेंच जन्मलेले. ह्या दोघांनीं चाळीसांहून अधिक वर्षें एकत्र काम केलें व संसारहि एकत्रच केला. २००५ सालीं मर्चंट वारल्यावर आयव्हरी ह्यांनीं हें सहजीवन मोकळेपणानें सांगितलें. व्हेनिसच्या महोत्सवांत ह्या चित्रपटाला दिग्दर्शनाचें, अभिनयाचें व संगीताचें अशीं तीन पारितोषिकें मिळालीं. त्यांपैकीं अभिनयाचें पारितोषिक जेम्स विल्बी आणि ह्यू ग्रँट ह्या दोघांत वांटून दिलें गेलें, हें आम्हांस विशेष योग्य वाटतें. कारण ही कथा त्या दोघांनीं घेतलेल्या दोन वाटांची आहे.

कथानक थोडक्यांत सांगण्याजोगें आहे. मॉरिस हॉल हा पहिल्या महायुद्धापूर्वीच्या इंग्लंडमधील एका सुखवस्तु मध्यमवर्गीय घरांतला मुलगा. केंब्रिजला त्याची क्लाइव्ह डरहॅम ह्या जमीनदारपुत्राशीं मैत्री होते, आणि मैत्रीचें प्रेम होतें. पहिला उच्चार क्लाइव्हचा असतो. तो प्लेटो वाचलेला, बुद्धिमान्, श्रद्धेच्या बाबतींत बंडखोर. मॉरिस प्रथम दचकतो, मग जन्मभरासाठीं त्याचा होतो. पुढें क्लाइव्ह बदलतो, ग्रीसची यात्रा करून येतो, लग्न करतो आणि निवडणुकीच्या तयारीला लागतो. एकटा पडलेला मॉरिस डॉक्टरांचे उंबरठे झिजवतो. शेवटीं क्लाइव्हच्याच इस्टेटीवरील रानाचा रखवालदार ॲलेक स्कडर त्याच्या आयुष्यांत येतो, आणि दोघे सर्व सोडून एकमेकांचे होतात.

मॉरिस हा कोणी असामान्य पुरुष नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. तो कवि नाहीं, विद्वान् नाहीं. शेअरबाजारांत काम करणारा, नोकरांशीं ताठ्यानें वागणारा, आई-बहिणींवर खेकसणारा एक साधारण गृहस्थ आहे. वाइल्डसारख्या माणसाविषयीं समाज म्हणूं शकतो कीं, प्रतिभावंतांचें सारेंच न्यारें. मॉरिसविषयीं असें म्हणतां येत नाहीं. तो कोणाचाहि भाऊ, पुतण्या किंवा शेजारी असूं शकतो. विल्बी ह्यांनीं हा सामान्यपणा कोठेंहि सुशोभित केलेला नाहीं. त्यांचा मॉरिस मंद आहे, पण एकदां समजलेली गोष्ट तो विसरत नाहीं. आणि ह्या कथेंत चातुर्यापेक्षां हाच गुण अखेरीस कामास येतो.

चित्रपट एका समुद्रकिनाऱ्यावर उघडतो. लहानग्या मॉरिसला बाप नाहीं, म्हणून ड्यूसी नांवाचे मास्तर त्याला वाळूंत आकृति काढून स्त्रीपुरुषसंबंधाचें ज्ञान देतात. दहा वर्षांनीं पत्नीला घेऊन माझ्याकडे जेवायला ये, असेंहि सांगतात. थोडें पुढें गेल्यावर त्यांना आठवतें कीं त्या आकृति पुसावयाच्या राहिल्या, आणि तिकडून माणसें येत आहेत! ज्या गोष्टीला निसर्गाची पवित्र योजना म्हणून गौरविलें, तीच कोणी पाहील म्हणून गुरुजी घाबरतात. मुलाच्या मनांत खोटेपणाची जी पहिली कुणकुण जाते, ती येथें.

हेच ड्यूसी मास्तर पुढें ब्रिटिश म्यूझिअममध्यें अकस्मात् भेटतात. तो प्रसंग ह्या चित्रपटाचें मर्म आहे. ॲलेक आणि मॉरिस ह्यांच्यांत अविश्वास माजलेला. ॲलेक धमकी देत आहे, मॉरिस भ्यालेला आहे. भोंवतीं प्राचीन पाषाणमूर्ति. इतक्यांत मास्तर येतात आणि जुना विद्यार्थी म्हणून मॉरिसला ओळखूं पाहतात. मॉरिस आपलें नांव ‘स्कडर’ असें सांगतो. ज्या रखवालदाराशीं संबंध उघड झाला तर अब्रू जाईल, त्याचेंच नांव तो स्वतःला लावतो. ह्या एका उत्तरानें धमकीचें सारें बळ नाहींसें होतें. स्वतःचा स्वीकार म्हणजे छाती पिटून केलेली घोषणा असें आम्ही समजत असूं, तर हा प्रसंग आमची समजूत सुधारतो. ज्याच्यावर प्रेम केलें त्याची लाज वाटेनाशी झाली, म्हणजे माणसाला स्वतःचीहि लाज वाटेनाशी होते, एवढेंच तो सांगतो.

आयव्हरी ह्यांनीं खिडकीचा जो उपयोग केला आहे तोहि लक्षांत घेण्याजोगा आहे. केंब्रिजला मॉरिस क्लाइव्हच्या खिडकींतून आंत येऊन प्रेमाची कबुली देतो. पुढें डरहॅमांच्या वाड्यांत ॲलेक शिडी लावून मॉरिसच्या खिडकींतून येतो. आणि अखेरच्या दृश्यांत क्लाइव्ह आपल्या घराच्या खिडक्या एकेक करून लावून घेतो. क्षणभर त्याला केंब्रिजचा तरुण मॉरिस हात हलवून बोलावतांना दिसतो. पाठीशीं पत्नी उभी आहे. संवाद जवळजवळ नाहींच. ह्यू ग्रँट ह्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळीं जी पोकळी दिसते, ती पाहून प्रेक्षकाच्या ध्यानांत येतें कीं, सुखान्त आणि शोकान्त ह्या दोन्ही कथा एकाच वेळीं पुऱ्या झाल्या. अब्रू, जमीन, पत्नी, सारें मिळालें तो हरला. सारें टाकलें तो जिंकला.

मूळ कादंबरींत क्लाइव्ह कां बदलतो ह्याचें समाधानकारक कारण दिलेलें नाहीं. चित्रपटानें तें दिलें आहे. रिझ्ली हा केंब्रिजमधील त्यांचा सोबती. त्याला एका शिपायाच्या साहाय्यानें जाळ्यांत पकडून त्याच्यावर खटला होतो आणि सक्तमजुरीची शिक्षा सुनावली जाते. हा भाग पटकथाकारांनीं नव्यानें घातला आहे. कादंबरीचें गूढ ह्यामुळें नाहींसें झालें, असा आक्षेप कोणी घेईल व तो अगदींच खोटा नाहीं. परंतु क्लाइव्हविषयींचा आमचा राग त्यामुळें करुणेंत बदलतो. तो कृतघ्न नव्हे, भ्यालेला आहे. आणि त्याची भीति कायद्यानें निर्माण केलेली आहे.

दोष नाहींत असें नाहीं. हिरवळी, नदीकांठ, उंची पोशाख ह्यांचें चित्रण इतकें रमणीय आहे कीं, ज्या जगानें ह्या माणसांना छळलें त्याच जगाच्या मोहांत प्रेक्षक पडतो. ॲलेकवर तर अन्यायच झाला आहे. तो अर्जेंटिनाला जाणारी बोट सोडून मॉरिससाठीं मागें राहतो, म्हणजे सुटकेची एकुलती वाट टाकतो. पण त्याच्या मनांतील झुंज आम्हांला फारशी दिसत नाहीं. श्रीमंताच्या त्यागाला जितकें महत्त्व मिळालें तितकें गरिबाच्या त्यागाला मिळालें नाहीं.

शेवट असंभाव्य आहे, हा आक्षेप मात्र आम्हांस मान्य नाहीं. १९१३ च्या इंग्लंडमध्यें असे दोघे कोठें राहणार, काय खाणार, असें विचारतात. संमोहनानें उपचार करूं पाहणारा डॉक्टर मॉरिसला सांगतो कीं, जेथें हा गुन्हा नाहीं अशा फ्रान्स-इटलीसारख्या देशांत जाऊन राहा. पण मॉरिस देश सोडीत नाहीं, आणि ॲलेकहि सोडीत नाहीं. संभाव्यता ही कोणाच्या सत्तेनें ठरते हेंहि पाहिलें पाहिजे. जो समाज एखाद्याला सुखी होऊं देत नाहीं, त्यानेंच त्याचें सुख असंभाव्य म्हणून हंसणें हा न्याय नव्हे. इंग्लंड व वेल्सपुरता तो कायदा १९६७ सालीं सैल झाला. आमच्याकडील १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतें २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द ठरविलें. कालचें असंभाव्य आज कायदेशीर आहे.

परंतु कायदा बदलला म्हणून घर बदलतेंच असें नाहीं. ‘लग्न करून द्या, सगळें सुरळीत होईल,’ हा उपाय आमच्या घरांतून आजहि सुचविला जातो, आणि तो बहुधा प्रेमानेंच सुचविला जातो. म्हणून जाणत्या आईबापांनीं ह्या चित्रपटांतील क्लाइव्हच्या पत्नीकडे, ॲनकडे, नीट पाहावें. ती सुशील आहे, निरपराध आहे, आणि आपल्या नवऱ्यानें काय गाडून टाकलें आहे ह्याची तिला वार्ताहि नाहीं. तिच्या वांट्याला सौजन्य येतें; प्रेम येत नाहीं. क्लाइव्हच्या भीतीची किंमत एकट्या क्लाइव्हनें दिलेली नाहीं. कोणाच्या तरी मुलीनें ती न विचारतां दिली आहे.

फॉर्स्टर ह्यांनीं आपली कादंबरी अधिक सुखाच्या एखाद्या वर्षाला अर्पण केली होती. तें वर्ष पंचांगांत आपोआप येत नाहीं. ज्या घरांत मुलगा आपल्या मनांतलें खरें तें सांगतो आणि आईबाप खिडकी लावून घेत नाहींत, त्या घरांत तें येतें.