हरवलेला कर्ता

आमच्या पिढीने शालान्त परीक्षेसाठी इतिहासाचा एक प्रश्न हमखास तयार केलेला असे : 'पहिल्या महायुद्धाची कारणे सांगा.' उत्तरही ठरलेले असे. साम्राज्यवाद, उग्र राष्ट्रवाद, शस्त्रास्त्रस्पर्धा आणि गुप्त करार ही मूलभूत कारणे. शेवटी तात्कालिक कारण म्हणून साराजेव्होतील युवराजाची हत्या. युरोप म्हणजे दारूगोळ्याचे कोठार झाले होते, त्यावर ठिणगी पडली आणि वणवा पेटला, असा समारोप केला की गुण पदरात पडत. आमच्या मंडळाच्या अभ्यासवर्गात अलीकडे हाच विषय निघाला, तेव्हा साठी ओलांडलेल्या आम्हा साऱ्यांच्या तोंडून तीच कारणे त्याच क्रमाने बाहेर पडली. सर्वांनाच हसू आले. परंतु घरी परतताना त्या उत्तरातील एक उणीव मनाला टोचू लागली. त्यात युद्ध पेटते, भडकते, राष्ट्रे ओढली जातात. पण युद्ध करणारा मनुष्य मात्र कोठेच नसतो. साऱ्या उत्तरात क्रियापदे आहेत, कर्ता नाही.

हा दोष केवळ पाठ्यपुस्तकांचा नाही. युद्धाच्या कारणांवरील मोठमोठ्या ग्रंथांतही तो डोकावतो. तेव्हा या विषयावरील काही नामांकित ग्रंथ या एकाच दृष्टीने पाहावेत, असे आम्हास वाटले.

सरकारी नोकरीत तीस-पस्तीस वर्षे काढल्यामुळे कर्ता नसलेल्या वाक्याशी आमची जुनी ओळख आहे. फाइल कन्नडमध्ये असो वा इंग्रजीत, 'असे ठरविण्यात आले आहे', 'कार्यवाही करण्यात यावी' हा तिचा प्राण. कोणी ठरविले, हे वाक्यात कधीच नसते. एकदा एका चुकीच्या आदेशाची चौकशी आमच्याकडे आली होती. जो तो म्हणे, 'वरून आले, खाली पाठविले.' मग आम्ही टिपणाची पाने एकेक करून उलटली. प्रत्येक पानाच्या तळाशी सही होती, तारीख होती. कर्ता हरवला नव्हता. तो वाक्यातून निघून समासात जाऊन बसला होता. इतिहासाचा चांगला ग्रंथ आम्हास अशा चौकशीसारखा वाटतो. तो वाक्याने समाधान मानीत नाही, सही शोधतो.

प्रथम शस्त्रस्पर्धेचे कलम घेऊ. 1898 आणि 1900 च्या कायद्यांनी जर्मनीने मोठे आरमार बांधण्यास आरंभ केला. 1906 मध्ये इंग्लंडने 'ड्रेडनॉट' ही नव्या पद्धतीची युद्धनौका पाण्यात सोडली आणि जुन्या साऱ्या नौका एका दिवसात जुनाट ठरल्या. मग याने चार बांधल्या की त्याने आठ मागाव्यात, अशी चढाओढ लागली. तिने दोन्ही देशांत भय आणि अविश्वास पेरला, हे खरेच. पण 1912 नंतर जर्मनीने पैसा भूसेनेकडे वळविला आणि आरमाराच्या शर्यतीत इंग्लंड पुढे राहिले, हे जवळपास ठरून गेले. युवराजाच्या हत्येची बातमी आली, त्या जून 1914 च्या अखेरच्या आठवड्यात इंग्लंडच्या युद्धनौका जर्मनीच्या कील बंदरात पाहुण्या म्हणून नांगर टाकून उभ्या होत्या. ज्या शर्यतीने युद्ध 'अटळ' केले म्हणावे, तिचे शर्यतगडी त्या दिवशी एकमेकांच्या मेजवान्या झोडीत होते.

दुसरे कलम करारांचे. एका राष्ट्रावर आघात झाला की साखळीने बांधलेली सारी राष्ट्रे आपोआप ओढली गेली, अशी आपली समजूत. परंतु इटली 1882 पासून जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी करारबद्ध होती. ऑगस्ट 1914 मध्ये तिने आपण तटस्थ असल्याचे जाहीर केले, आणि मे 1915 मध्ये तर ती जुन्या दोस्ताविरुद्धच रणात उतरली. म्हणजे ज्याला साखळी तोडायची होती, त्याला ती तोडता आली. शिवाय हेच करार 1908 च्या बोस्नियाच्या प्रकरणी होते, 1911 च्या मोरोक्कोच्या प्रकरणी होते, 1912-13 च्या बाल्कन युद्धांच्या वेळीही होते. तेव्हा लंडनला राजदूतांची बैठक भरली, घासाघीस झाली, महायुद्ध टळले. यंत्र तेच असून कधी युद्ध होते आणि कधी होत नाही, तर कारण केवळ यंत्रात असू शकत नाही.

आता ग्रंथांकडे वळू. युद्धकाळात इंग्लंडचे पंतप्रधान झालेले लॉइड जॉर्ज यांनी 1933 पासून आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. राष्ट्रे कड्यावरून घसरत घसरत युद्धाच्या कढईत पडली, असा त्यांचा अभिप्राय फार गाजला. शब्दचित्र प्रभावी आहे. पण लिहिणारा कोण, हे विसरून चालणार नाही. 1914 मध्ये ते त्याच मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. जो निर्णयाच्या टेबलाशी बसला होता, त्यानेच पुढे 'घसरलो' म्हणावे, हे आमच्या चौकशीतील 'वरून आले' या उत्तराहून फारसे निराळे नाही.

ए. जे. पी. टेलर या इंग्रज इतिहासकाराने 1969 मध्ये एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्याच्या नावाचे मराठी करायचे तर 'वेळापत्रकाने आणलेले युद्ध' असे होईल. सैन्याची जमवाजमव रेल्वेच्या वेळापत्रकावर बेतलेली; एकदा गाड्या सुटल्या की थांबविता येत नाहीत; म्हणून युद्ध आले, हे त्याचे सूत्र. लेखणी चटकदार, युक्तिवाद डोक्यात घर करणारा. आम्हीही काही वर्षे त्याच्या मोहात होतो. परंतु जमवाजमव म्हणजेच युद्ध, हे समीकरण जर्मनीच्या योजनेत होते. रशियाचे सैन्य सीमेवर जमून वाट पाहू शकत होते. आणि जर्मनीकडेही पूर्वी केवळ पूर्वेकडे सैन्य नेण्याची पर्यायी योजना होती. ती दरवर्षी सुधारून ठेवण्याचे काम 1913 मध्ये बंद करण्यात आले. पाहा, आम्हीही लिहून गेलो 'करण्यात आले'! ते बंद केले सरसेनापती मोल्टके यांच्या कचेरीने. वेळापत्रकालाही सही असते.

याच मोल्टकेंचा प्रसंग बार्बरा टकमन या अमेरिकन लेखिकेने 1962 च्या आपल्या 'द गन्स ऑफ ऑगस्ट' या ग्रंथात रंगविला आहे. 1 ऑगस्ट 1914. इंग्लंड कदाचित तटस्थ राहील, अशी आशा उत्पन्न करणारी तार येते. कैसर हर्षभराने म्हणतो, आता सारे सैन्य पूर्वेकडे वळवा. मोल्टके सांगतात, ते अशक्य आहे. वर्षभर खपून आखलेली व्यवस्था एका रात्रीत बदलता येत नाही. कैसर नाराज होतो, मोल्टके खचतात. अखेर इंग्लंडविषयीचा भ्रम त्याच रात्री दूर होतो आणि योजना ठरल्याप्रमाणे पुढे जाते. येथवर यंत्रच जिंकले असे वाटते. पण टकमन तेथे थांबत नाहीत. जर्मन रेल्वेच्या लष्करी विभागाचे प्रमुख श्टाब यांनी युद्धानंतर हे विधान वाचले, ते दुखावले, आणि त्यांनी तक्त्यांसह एक पुस्तकच लिहिले. 1 ऑगस्टला सांगितले असते, तर सातपैकी चार सैन्ये पंधरवड्यात पूर्वेकडे नेऊन दाखविली असती, असा त्यांचा दावा होता. अशा वेळी खात्याच्या माणसाला विचारायचे राहून जाते, हे आमच्या पेशातील कोणालाही पटावे. 'अशक्य' हा शब्द रेल्वेचा नव्हता. तो एका थकलेल्या सेनापतीचा होता. टकमन यांच्या काही तपशिलांवर पुढील संशोधकांनी आक्षेप घेतले आहेत. परंतु त्यांच्या ग्रंथात माणसे आहेत, आणि माणसे आहेत म्हणून पर्याय आहेत.

ख्रिस्तोफर क्लार्क यांच्या 2012 मधील ग्रंथाचे नाव 'द स्लीपवॉकर्स', म्हणजे झोपेत चालणारे. गुन्हेगार एकच शोधण्यापेक्षा युद्ध 'का' झाले याऐवजी 'कसे' झाले हे पाहावे, ही त्यांची भूमिका आम्हास मान्य आहे. ग्रंथाचे नाव मात्र त्याच्याच मजकुराशी भांडते. आत पाहावे तर कोणीही झोपेत नाही. व्हिएन्नातील मुत्सद्दी सर्बियाला स्वीकारता येऊ नये असाच 48 तासांचा निर्वाणीचा खलिता डोळसपणे लिहितात. बर्लिन 5 आणि 6 जुलैला त्यांना पाठिंब्याचा कोरा चेक देते. 28 जुलैला सर्बियाचे उत्तर वाचून कैसर स्वतः लिहितो की, आता युद्धाचे कारण उरले नाही. आणि त्याचा चान्सेलर ते मत व्हिएन्नाला उशिराने व बदलून कळवितो. रशियाचा झार 29 जुलैला सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम देतो, कैसरची तार वाचून तो मागे घेतो, आणि 30 जुलैला परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांच्या आग्रहाने पुन्हा देतो. हुकूम फिरून बदलू नये म्हणून लष्करप्रमुखाने आपला टेलिफोनच मोडून टाकण्याची भाषा केल्याची नोंद आहे. यंत्र जर आपोआप चालले होते, तर टेलिफोनची भीती कशाला? भीती होती ती माणसाचे मन बदलेल याची.

म्हणजे स्पर्धा, शस्त्रे आणि करार यांना अर्थच नाही काय? तसे म्हणणे दुसऱ्या टोकाला जाणे होईल. शस्त्रे विचाराचा वेळ कमी करतात, करार दुसऱ्याच्या भांडणात आपली अब्रू गुंतवितात, वैर समोरच्याच्या प्रत्येक हालचालीचा वाईट अर्थ लावते. रस्ता अरुंद होतो, उतार वाढतो. पण उतार वाढला म्हणून पाऊल टाकणाऱ्याचे उत्तरदायित्व संपत नाही. ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीज याचे एक मत आजकाल वारंवार उद्धृत होते : अथेन्सची वाढ आणि तिचे स्पार्टाला वाटलेले भय हेच युद्धाचे खरे कारण. त्यावरून आज भाकितेही केली जातात. पण त्याच ग्रंथात पुढे स्पार्टाची सभा आहे. वृद्ध राजा आर्किडेमस घाई करू नका म्हणतो, दुसरा अधिकारी युद्धाची हाक देतो, आणि सभासदांना दोन बाजूंस उभे करून मते मोजली जातात. थ्युसिडिडीजने कारण सांगितले. पण मतदानही सांगितले. उद्धृत करणारे नेमके तेच गाळतात.

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. बेळगावकरांनी तरी विचारू नये. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र 1922 पासून आपल्या गावात आहे. तिच्या पूर्वीच्या 103, 110 आणि 117 या पलटणी पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात गेल्या आणि कूत येथे वेढ्यात सापडल्या. डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 उपासमार सोसून सुमारे 13,000 जणांच्या त्या फौजेने शरणागती पत्करली. कैदेतून अनेकजण परतलेच नाहीत. हिंदुस्थान युद्धात आहे, हे व्हाइसरॉयने जाहीर केले होते. हिंदुस्थानला कोणी विचारले नव्हते. व्हिएन्नातल्या सहीचा हिशेब सह्याद्रीच्या कुशीतल्या घरांनी चुकता केला. त्या घरांना 'वणवा पेटला' हे उत्तर पुरत नाही.

ऑक्टोबर 1962 मध्ये क्युबातील क्षेपणास्त्रांवरून अमेरिका आणि रशिया समोरासमोर आले, तेव्हा अध्यक्ष केनेडी यांनी टकमन यांचा ग्रंथ नुकताच वाचला होता. आपल्यावर कोणी असे पुस्तक लिहू नये, अशी इच्छा त्यांनी बंधूंपाशी बोलून दाखविली होती. एका पुस्तकाने युद्ध टाळले, असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्या पुस्तकात माणसे चुकताना दिसतात, तेच दुसऱ्या माणसाला सावध करू शकते. वणव्याचे वर्णन वाचून कोणी सावध होत नाही. वणव्यापुढे मनुष्य हताश होतो.

सीमेवर तणाव 'वाढला', परिस्थिती 'चिघळली', असे मथळे आपण रोज चहाबरोबर वाचतो. यापुढे तसा मथळा दिसला की आम्ही नातवंडांना व्याकरणाचा एक जुना प्रश्न विचारणार आहोत : 'या वाक्यातील कर्ता ओळखा.'