'द डिप्लोमॅट' : एक उच्चायुक्तालय, दोन फायली

जॉन अब्राहम पडद्यावर आला की कोणीतरी मार खाणार, ही आपली जुनी खात्री. शिवम नायर दिग्दर्शित 'द डिप्लोमॅट' (२०२५) ती बऱ्यापैकी मोडतो. इथे तो इस्लामाबादमधले भारताचे उप-उच्चायुक्त जे. पी. सिंग साकारतो आणि बराच वेळ चक्क टेबलामागे बसून काम करतो.

गोष्ट मे २०१७ मधली, खरी. मलेशियात ओळख झालेल्या माणसाला भेटायला उज्मा पाकिस्तानात जाते. तिथे बंदुकीच्या धाकावर तिचं लग्न लावलं जातं. संधी साधून ती भारतीय उच्चायुक्तालयात आसरा घेते.

चित्रपटाचा सगळ्यात चांगला भाग इथेच आहे. ही बाई खरं बोलते आहे, की हा सापळा आहे? तुम्हाआम्हाला दूतावास माहीत असतो तो पासपोर्ट-ओसीआयच्या खिडकीपुरता: फोटोचा आकार चुकला, एक झेरॉक्स कमी पडली, पुन्हा या. त्याच खिडकीपलीकडच्या माणसाला एखाद्या दिवशी कागदाऐवजी माणसावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवावं लागतं. सादिया खतीबची भेदरलेली उज्मा आणि जॉनचा सावध चेहरा यांतून हा पेच नीट उतरला आहे.

पुढे मात्र चित्रपट नायकाच्या मोहात पडतो. सीमेकडच्या प्रवासात थरार भरला जातो, आणि सुटका म्हणजे एका धाडसी अधिकाऱ्याचा पराक्रम वाटू लागतो. प्रत्यक्षात २४ मे रोजी इस्लामाबाद उच्च न्यायालयाने तिला परतायची परवानगी दिली आणि वाघापर्यंत पोलीस संरक्षण द्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती भारतात आली. सुषमा स्वराज यांनी तेव्हा पाकिस्तानी वकील, न्यायाधीश आणि तिथल्या मंत्रालयांचे जाहीर आभार मानले होते. चित्रपटातला वकील (कुमुद मिश्रा) जिव्हाळ्याने रंगवला आहे, पण बाकीचा पाकिस्तान बहुतेक एकाच काळ्या रंगात.

हे मला खटकतं, कारण त्याच महिन्यात त्याच उच्चायुक्तालयात दुसरी फाईल उघडी होती: कुलभूषण जाधव. एप्रिलमध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली होती. भारत पुन्हा पुन्हा त्यांना भेटू देण्याची मागणी करत होता आणि पाकिस्तान नाकारत होता. अखेर ८ मे रोजी भारत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, १८ मे रोजी फाशीला स्थगिती मिळाली. २०१९ मध्ये पाकिस्तानने १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग केला, असा निकालही लागला. जाधव मात्र सुटले नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात त्यांची आई आणि पत्नी त्यांना काचेपलीकडून भेटल्या, तेव्हा सोबत हेच जे. पी. सिंग होते.

तोच अधिकारी, तीच इमारत, तेच वर्ष. एक मुलगी वीसेक दिवसांत घरी, एक माणूस तुरुंगातच. शौर्य कमी पडलं म्हणून नव्हे. एका प्रकरणात समोरच्या देशाच्या न्यायालयाने दार उघडलं, दुसऱ्यात तिथल्या लष्कराने ते बंद ठेवलं. राजनैतिक अधिकाऱ्याचं काम बहुतेक वेळा हेच असतं: ज्याच्याशी भांडण आहे, त्याच्याकडूनच काहीतरी करवून घ्यायचं, आणि नाही झालं तर उद्या पुन्हा अर्ज करायचा.

चित्रपट जरूर पाहा, पूर्वार्धासाठी नक्कीच. पण शेवटी टाळ्या वाजवताना त्या पाकिस्तानी न्यायाधीशासाठीही एक राखून ठेवा.