तपासणी की प्रमाणपत्र? : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ चे चिकित्सक अवलोकन

प्रस्तावना

आग लागल्यानंतर धावून येणारे अग्निशमन दल समाजाला दिसते. आग लागू नये, आणि लागलीच तर माणसे बाहेर पडू शकावीत, यासाठी करावयाची तपासणी मात्र समाजाच्या नजरेआड राहते. वस्तुतः नागरिकांचे प्राण वाचविण्याचे निम्म्याहून अधिक काम या न दिसणाऱ्या टप्प्यातच होत असते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत 'अग्निशमन सेवा' हा विषय नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविता येण्याजोग्या विषयांत समाविष्ट आहे. त्यामुळे आगीपासूनच्या सुरक्षिततेचा प्रश्न अखेर महानगरपालिका व नगरपालिका यांच्या दारात येऊन थांबतो. महाराष्ट्रात या प्रश्नाला वैधानिक उत्तर देण्याचा प्रयत्न २००६ च्या अधिनियमाने केला. हा अधिनियम डिसेंबर २००८ मध्ये अमलात आला व त्याखालील नियम २००९ मध्ये करण्यात आले. पुढे त्यात दुरुस्त्याही झाल्या. तथापि प्रस्तुत लेखात अधिनियमाच्या मूळ रचनेचाच विचार केला आहे; कारण अंमलबजावणीची सवय त्या रचनेतून घडली आहे.

अधिनियमाची रचना

सदर अधिनियमाच्या कलम ३ नुसार आग प्रतिबंधक उपाययोजना करण्याची जबाबदारी विकासक, मालक वा भोगवटादार यांच्यावर आहे. त्या उपाययोजना सदैव सुस्थितीत व कार्यक्षम ठेवणे हेही मालकाचे, आणि मालक सापडत नसल्यास भोगवटादाराचे, कर्तव्य आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते. कलम ५ अन्वये संचालक, मुख्य अग्निशमन अधिकारी किंवा नामनिर्देशित अधिकारी यांना तीन तासांची पूर्वसूचना देऊन सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत इमारतीची तपासणी करता येते. जीवित व मालमत्ता यांच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास कोणत्याही वेळी प्रवेश करण्याची मुभाही आहे. त्रुटी आढळल्यास नोटीस देणे, धोका निकट असल्यास इमारत रिकामी करविणे व ती सील करणे, असे अधिकारही अधिनियमाने दिले आहेत. म्हणजेच अधिकारांची वानवा नाही.

दोष आहे तो क्रियापदांत. कायद्याच्या मराठीत 'करील' म्हणजे कर्तव्य आणि 'करता येईल' म्हणजे मुभा. मालकाच्या वाट्याला 'सादर करील' आले आहे. अधिकाऱ्याच्या वाट्याला 'तपासणी करता येईल' आले आहे. प्रमाणपत्र वर्षातून दोनदा आलेच पाहिजे. अधिकारी मात्र किती वर्षांतून एकदा इमारतीत गेलाच पाहिजे, याविषयी कलम ५ मौन पाळते. परिणामी, ज्या स्थानिक कार्यालयात मनुष्यबळ अपुरे आहे तेथे तपासणी मागे पडते आणि प्रमाणपत्राची आवक-नोंद हीच अंमलबजावणी ठरते.

स्व-प्रमाणनाची मर्यादा

या व्यवस्थेच्या बाजूने एक सबळ युक्तिवाद आहे व तो नाकारणे अन्यायाचे होईल. वाढत्या शहरांतील प्रत्येक इमारतीत दर सहा महिन्यांनी शासकीय निरीक्षक पाठविणे अशक्यप्राय आहे. शिवाय निरीक्षकांची संख्या वाढविली म्हणजे प्रामाणिकपणा वाढतोच असे नाही. 'इन्स्पेक्टर राज'चा अनुभव भारतीय समाजाला पुरेसा आहे. देखभालीची जबाबदारी मालकावर टाकणे आणि तांत्रिक परीक्षण तज्ज्ञ अभिकरणाकडून करून घेणे ही दिशा म्हणूनच चुकीची नाही.

परंतु येथे परीक्षकाची निवड परीक्षार्थीच करतो आणि त्याचे मानधनही तोच देतो. विद्यापीठीय परीक्षापद्धतीशी परिचित असलेल्या वाचकांस याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. अंतर्गत मूल्यमापन स्वीकारार्ह ठरते ते बाह्य पडताळणी असेल तरच. आर्थिक हिशेबांच्या बाबतीतही सनदी लेखापाल पैसे घेऊन लेखापरीक्षण करतो, पण त्याच्यावर व्यावसायिक शिस्तीची व फेरतपासणीची टांगती तलवार असते. आग प्रतिबंधक प्रमाणपत्रांपैकी काहींची आकस्मिक फेरतपासणी स्थानिक प्राधिकरणाने केलीच पाहिजे, असा दंडक मूळ रचनेत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पंप, नळ, शोधक यंत्रे व अग्निशामके यांची स्थिती प्रमाणपत्रात नोंदविता येते. जिना मोकळा आहे की नाही, हे प्रमाणपत्रात लिहिता आले तरी ते त्या दिवसापुरतेच खरे असते. पंप सहा महिन्यांत बिघडतो. जिना एका सायंकाळीत अडतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागात बाहेर पडण्याच्या मार्गांना जे महत्त्व दिले आहे, ते अर्धवार्षिक कागदाने राखले जाणार नाही. त्यासाठी माणसाने, न कळविता, इमारतीच्या वापराच्या वेळी तेथे जावे लागते.

दुर्घटनांची साक्ष

दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. आग तळमजल्यावरील रोहित्रातून सुरू झाली. माणसे गुदमरली ती बाल्कनीत, जेथे आसने वाढवून उजव्या बाजूची वाट बंद केलेली होती. १९८३ मध्ये या चित्रपटगृहाचा परवाना निलंबित झाला होता. त्या निलंबनाला न्यायालयीन स्थगिती मिळाल्यानंतर ते पुढील चौदा वर्षे तात्पुरत्या परवान्यांवर चालू राहिले. कागद नूतन होत गेला, वाट बंदच राहिली.

मुंबईत कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. अनेकांचे मृतदेह प्रसाधनगृहात आढळले. बाहेरची वाट न सापडलेल्यांनी तेथे आश्रय घेतला होता. त्यानंतर लगेचच महापालिकेने शहरातील शेकडो ठिकाणांची तपासणी करून अनधिकृत बांधकामे पाडली. ही तत्परता स्तुत्य वाटली तरी तिच्यातूनच एक प्रश्न उद्भवतो. जे अधिकार ३० डिसेंबरला वापरता आले, ते २८ डिसेंबरलाही अस्तित्वात होते. उणीव कायद्याची नव्हती. तो वापरलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती.

शासकीय इमारतींच्या बाबतीत ही रचना आणखी लंगडी पडते. भंडारा जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तत्कालीन अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्णांचा मृत्यू झाला. येथे मालक शासनच होते. नगरपालिकेचा अधिकारी जिल्हा रुग्णालयाला नोटीस देऊ शकतो, पण ते सील करण्याचा विचार तो कसा करणार? नफेखोर मालकाला समोर ठेवून आखलेली शिक्षेची चौकट शासकीय मालकापुढे निष्प्रभ होते. अशा ठिकाणी उपयोगी पडतो तो दंड नव्हे, तर दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला निधी व जाहीर झालेला तपासणी अहवाल.

उत्तरदायित्वाचा प्रश्न

तपासणी न करणाऱ्या प्राधिकरणाचे काय, हा प्रश्न उपहार प्रकरणात न्यायालयांपुढे आला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये भरपाईचा ५५ टक्के भार चित्रपटगृहाच्या परवानाधारकावर टाकला, तर वीज मंडळ, महानगरपालिका व परवाना प्राधिकारी यांच्यावर प्रत्येकी १५ टक्के टाकला. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये महानगरपालिका व परवाना प्राधिकारी यांना या दायित्वातून मुक्त केले. परवानाधारकावर ८५ व वीज मंडळावर १५ टक्के भार राहिला. प्रत्येक पर्यवेक्षणीय चुकीसाठी सार्वजनिक निधीतून भरपाई देणे व्यवहार्य नाही, ही भूमिका समजण्यासारखी आहे. मात्र तिचा परिणाम असा की, ज्याने पाहावयास हवे होते त्याला न पाहण्याची किंमत मोजावी लागत नाही. म्हणूनच न्यायालयीन दायित्वाने सोडलेली पोकळी विधिमंडळाने प्रशासकीय कर्तव्याने भरून काढावयास हवी.

शैक्षणिक संस्थांना हा विषय दूरचा नाही. तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला लागलेल्या आगीत ९४ बालके मरण पावली. त्या पार्श्वभूमीवर अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरक्षित शाळेतील शिक्षण हा मूलभूत हक्काचा भाग मानला. महाविद्यालयांच्या परिसरात मात्र चोरीच्या भीतीने कुलूपबंद केलेला दुसरा जिना, खिडक्यांना कायमच्या लोखंडी जाळ्या, ग्रंथालयाच्या वाटेत रचलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांच्या राशी हे दृश्य अपरिचित नाही. समितीच्या भेटीपूर्वी अग्निशामके भरली जातात. कुलूप तसेच राहते. अधिनियमातील दोषाचे हे लहान प्रतिबिंबच होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, २००६ च्या अधिनियमाने जबाबदारी निश्चित केली, अधिकार दिले, पण तपासणीला कर्तव्याचा दर्जा दिला नाही. स्व-प्रमाणन रद्द करण्याची गरज नाही. त्यामागे पडताळणी उभी करण्याची आहे. त्यासाठी तीन गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, रुग्णालये, शैक्षणिक संस्था, वसतिगृहे व जनसमुदाय जमणारी ठिकाणे यांच्या तपासणीचा किमान कालावधी कायद्याने बंधनकारक करावा आणि त्यातील काही तपासण्या पूर्वसूचनेविना, वापराच्या वेळी व्हाव्यात. दुसरी, परवानाप्राप्त अभिकरणांच्या प्रमाणपत्रांची आकस्मिक फेरतपासणी व्हावी व खोट्या प्रमाणपत्राबद्दल परवाना रद्द व्हावा. तिसरी, तपासणीचा दिनांक व आढळलेल्या त्रुटी इमारतीच्या दर्शनी भागी मराठीत लावल्या जाव्यात, जेणेकरून तेथे येणारा रुग्ण, विद्यार्थी वा पालक स्वतः वाचू शकेल. असे झाल्यास 'करता येईल' या मुभेला 'करील' या कर्तव्याचे रूप येईल. तोपर्यंत कार्यालयातील नस्ती पूर्ण असेल आणि जिन्याचे दार बंद असेल, ही विसंगती संपणार नाही.