ड्रमच्या आधीचं पाणी
लेड झेपेलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' १९७१ चं. ते थोर कशानं, यावर रॉकवाल्यांची हाणामारी अजून चालूच. एक म्हणतो, बॉनमचा ड्रम! जिन्याच्या तळाशी वाजवला, माइक वर टांगले, म्हणून घुमतो. खरंय. १९८६ ला बीस्टी बॉइजनी तोच ठोका उचलला. दुसरा म्हणतो, गाणंच ढापलेलं. हे अर्धं खरं. मूळ गाणं १९२९ चं, मेम्फिस मिनी आणि कान्सस जो मॅककॉय या काळ्या जोडप्याचं. झेपेलिननं श्रेयात मिनीला घेतलं. पण मूळ तबकडीवर गायला तो जो. त्याचं नाव गाळलं.

आणि पाणी? त्याचं काय? १९२७ ला मिसिसिपीला महापूर आला. ग्रीनव्हिलला काळ्या मजुरांना बंदुकीच्या धाकानं बांधावर राबवलं. बांध फुटला तरी तिथून हलू दिलं नाही. गाणं त्या पुराचं. १९२९ च्या तबकडीत ड्रम नाहीच. गिटारी आणि एक गळा. तरी पाणी अंगावर येतं. बॉनमचा ठोका दणदणीत आहेच, पण उभा आहे याच पाण्यावर. मग थोरवी मोजायची तर बांधापासून मोजा की राव, जिन्यापासून कशाला?