समूह-समुपदेशनातील नेत्याचे मौन
लेविन, लिपिट व व्हाईट यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या आयोवा येथील प्रयोगात सुमारे दहा वर्षांच्या मुलग्यांच्या छंदमंडळांवर हुकूमशाही, लोकशाही व निर्हस्तक्षेपी असे तीन प्रकारचे नेते योजले होते. हुकूमशाही नेता खोलीबाहेर पडताच काम मंदावे. लोकशाही नेत्याच्या अनुपस्थितीतही ते चालू राही. ही मंडळे समुपदेशनाची नव्हती, हे ध्यानी ठेवूनही एक गोष्ट मान्य करावी लागते. नेत्याने केवळ मौन पाळावे, असा निष्कर्ष यातून निघत नाही. कारण निर्हस्तक्षेपी नेत्याच्या मंडळात काम कमी व निकृष्ट झाले. खरा प्रश्न नेता कसा बोलतो, हा आहे. मराठीत ‘तुम्ही करा’ आणि ‘आपण करू या’ यांतील अंतर उघड आहे. परंतु निर्णय आधीच ठरलेला असेल, तर ‘आपण’ हीदेखील आज्ञाच होय. आणि कुमारवयीनांना ती ओळखता येते.